यादीत नसलेला चेहरा

दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या बाईंचे कान समोरच्या बापलेकीकडेच लागले होते. उद्या लेकीची इंग्रजीची परीक्षा होती.

"बाबा, यादीतल्या प्रत्येक शब्दाला मी ओळखीतला एक चेहरा लावलाय. म्हणजे विसरत नाही. विचारा."

"फ्राउन?"

"कपाळाला आठ्या. आईच्या, तुम्ही कामावरून आलात की."

"अगदी बरोबर! स्मर्क?"

"छद्मी हसणं. तुमचे साहेब. परवा घरी आले नि तुम्ही त्यांच्यासाठी खुर्ची पुसलीत ना, तेव्हा."

"गप गं. बीम?"

"आनंदानं चेहरा उजळणं. आईचा, साहेबांच्या गाडीतून उतरताना."

"कधी?"

"तुमची दुपारपाळी असली की."

आता नंबर त्यांचाच होता, पण बाईंनी त्यांच्यानंतरचा पुकारला.

"बाबा, तुमचा आत्ता झालाय तसला चेहरा यादीत नाहीये. त्याला काय म्हणतात?"