चौकातला पाणबुड्या

रक्षिता : ते काय लावलंय चौकात?

शिवमूर्ती : आलीस व्हय? बस आधी. निपाणीस्नं उन्हातनं आलीस, पाणी तरी पी.

रक्षिता : पाणी नको. रिक्षातनं उतरले तर समोर माझाच फोटो. घराएवढा. आणि खाली तुमचं नाव.

शिवमूर्ती : हळू बोल. अव्वा आत झोपलीया, सुनेचा आवाज ऐकून उठंल.

रक्षिता : ‘कॅरिबियन समुद्राच्या तळाशी जाऊन आलेले उचगावचे पहिले सुपुत्र, पंपांचे व्यापारी, माननीय शिवमूर्ती अण्णा यांचा जाहीर सत्कार.’ आज संध्याकाळी. दोनदा वाचलं मी. म्हटलं, आमचं मालक तळाला कवा गेलं?

शिवमूर्ती : मंडळाच्या पोरांनी लावलाय. मी लावा म्हणून सांगितलं नव्हतं.

रक्षिता : आणि फोटो? तो पोरांनी समुद्रातनं काढून आणला?

शिवमूर्ती : दुकानातल्या कंप्युटरवर हुता. पंपाच्या कंपनीनं डीलर लोकांस्नी बायकांसकट तिकडं फिरवून आणलं, तर पोरं म्हटली, अण्णा, फोटो दाखवा की. दाखवले. ह्या फोटोला कृष्णात म्हणतो, अण्णा, हे तुमीच काय? आता तोंडाला मास्क, पाठीवर टाकी. कोण हाय ते वळखतंय कुठं?

रक्षिता : आणि तुमी व्हय म्हटलासा.

शिवमूर्ती : मी न्हाय म्हटलं न्हाय.

रक्षिता : वा. आणि माझ्या बांगड्या?

शिवमूर्ती : कसल्या बांगड्या?

रक्षिता : हिरव्या बांगड्या हुत्या त्या हातात. गाईड काढा काढा म्हणून खुणा करत हुता तरी मी काढल्या नव्हत्या. चौकात बघते तर मनगटात घड्याळ!

शिवमूर्ती : ते केरबानं केलं. फ्लेक्सवाल्यानं.

रक्षिता : केरबाला स्वप्न पडलं?

शिवमूर्ती : मी एवढंच म्हटलं, जरा बघ बाबा, हातात कायतरी चमकतंय.

रक्षिता : देवा! लाज कशी वाटत न्हाय हो तुमाला?

शिवमूर्ती : लाज? लाज मला त्या बोटीवर वाटली. आमच्या गावच्या हिरीत माझ्यासारखा मुटका मारणारा दुसरा नव्हता. तळाची माती मुठीत घेऊन वर यायचो मी. माणसं काठावर बसून वाट बघायची, हा येतोय का मेला. आणि तू? रंकाळ्यावर नावेत बस म्हटलं तर माझा शर्ट धरून ठेवतीस. तुला खाली नेलं आणि मला वर धाडलं. सगळ्या डीलरांच्या देखत.

रक्षिता : तुमी दम धरत हुतासा. तो माणूस सांगून सांगून थकला, दम धरायचा न्हाय, श्वास घेत ऱ्हायचं. तुमी आपलं गाल फुगवून बसलेला.

शिवमूर्ती : अगं, पाण्यात दम धरायचा न्हाय तर काय करायचं? जन्मभर तेच केलंय. डोकं पाण्याखाली गेलं की माझी छाती आपोआप बंद हुतीया. तोंडात ती नळी असली म्हणून काय झालं?

रक्षिता : मला पोहायलाच येत नव्हतं. तो म्हटला तोंडानं श्वास घे, मी घेतला. एवढंच झालं.

शिवमूर्ती : तेच. तेच मला सोसत न्हाय. काय येत नव्हतं म्हणून तुला जमलं!

रक्षिता : मग त्यात माझा काय गुन्हा?

शिवमूर्ती : हात धरून नेलं त्यानं तुला.

रक्षिता : मग काय झिंज्या धरून न्यायचं?

शिवमूर्ती : वर आल्यावर सुदीक सोडत नव्हता.

रक्षिता : पाय लटपटत हुतं माझं. त्या टाकीचं वजन बघितलासा?

शिवमूर्ती : हसत हुतीस तू. मास्क काढलास आणि अशी हसलीस... आपल्या लग्नाच्या फोटोत सुदीक तशी हसली न्हाईस.

रक्षिता : लग्नाच्या फोटोत मागं अव्वा उभ्या हुत्या.

शिवमूर्ती : चेष्टा करू नको.

रक्षिता : जळताय व्हय तुमी?

शिवमूर्ती : जळतोय. महिना झाला जळतोय. दुकानात पंप दाखवताना जळतोय, रात्री कूस बदलताना जळतोय. जेवताना घास हातात धरून तू कुठंतरी बघत बसतीस. मला वाटतं, गेली ही परत खाली. आणि मी हितं आमटी वाढ म्हणून सांगतोय.

रक्षिता : एकदा तरी इचारलासा, काय बघितलंस म्हणून?

शिवमूर्ती : ते पाणी तसंच ऱ्हायलंय बघ. पी आधी.

रक्षिता : विमानात वाट बघितली मी. घरी आल्यावर वाट बघितली. पावणं आलं की तुमीच सुरू. समुद्र असा, मासं असं, पाणी काय निळं! बोटीवर बसून तुमी काय बघितलं ते देवाला ठावं. मी आपली चहाचा ट्रे धरून दारात.

शिवमूर्ती : आता इचारतोय की.

रक्षिता : का पर आज?

शिवमूर्ती : सत्कारात दोन शब्द बोलायचं हाय.

रक्षिता : म्हंजे फोटो घेतलासा, आता डोळं पण पायजेत?

शिवमूर्ती : रक्षिता, ऐक. अव्वानं सगळ्या गल्लीला सांगितलंय. तालमीतली माणसं येणार, शिरोलीचे फौंड्रीवाले येणार. आता उठून मी न्हवंच म्हणू? तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का मला? खाली काय असतंय तेवढं सांग. मी तसंच बोलतो.

रक्षिता : सांगते. पर तुमच्या भाषणासाठी न्हाय. कुणालातरी सांगायचं हुतं म्हणून सांगते. मधी बोलायचं न्हाय.

शिवमूर्ती : न्हाय बोलत.

रक्षिता : पहिल्यांदा नुसतं निळं. वर बघितलं तर आपल्या बोटीचं पोट दिसतंय. मग खाली पवळ्याचं रान. दगड म्हणावं तर हलतंय, झाड म्हणावं तर पान न्हाय. जांभळं पंखं हाईत, जाळीचं, माझ्याएवढं उंच. पाणी हिकडं गेलं की सगळं हिकडं झुकतंय, तिकडं गेलं की तिकडं. मासं तर इतकं, की हात लांब केला तर बोटांच्या मधनं जात्यात. भीत न्हाईत माणसाला.

शिवमूर्ती : आणि ते बुडालेलं जहाज?

रक्षिता : मधी बोललासा. जहाज पुढं. आडवं पडलंय, कुशीवर. बिद्रीच्या साखर कारखान्याचं धुराडं आडवं पाडलं तर जेवढं हुईल तेवढं. लोखंडाचं हाय, पर लोखंड म्हणून कुठं दिसत न्हाय. सगळ्या अंगावर कायतरी उगवलंय. शिडी हाय, तिच्यावर माणूस न्हाय, मासंच वर-खाली करत्यात.

शिवमूर्ती : पंप दिसला का गं? जहाजात पाणी उपसायचा पंप असतोय, मोठा.

रक्षिता : चांगला पंप असता तर बुडालं असतं व्हय?

शिवमूर्ती : बरं बरं. सांग.

रक्षिता : एक गोल खिडकी हुती. तिच्यातनं एक दांडगा मासा तोंड काढून बघत हुता. कट्ट्यावर बसलेला म्हातारा बघतो तसा. कोण आलं, कुणाची हाय ही. आणि आवाज कसलाच न्हाय. आपला श्वास तेवढा. घेतला की खरखर, सोडला की बुडबुड. तिथं कुणी हाक मारत न्हाय, बघा. रक्षिता चहा, रक्षिता चाव्या कुठं हाईत, रक्षिता अव्वाची गोळी. कायसुदीक न्हाय. लगीन झाल्यापासनं एवढा वेळ माझं नाव कुणी घेतलं न्हाय असं पहिल्यांदा झालं. मला वर यावंसंच वाटंना.

शिवमूर्ती : वर यावंसं वाटंना?

रक्षिता : न्हाय.

शिवमूर्ती : मी वर हुतो की.

रक्षिता : म्हाईत हाय.

शिवमूर्ती : टॉवेल गुंडाळून बसलोतो. बाकीचं डीलर मासं बघाय नळी लावून पोहत हुतं, मी तुझं बुडबुडं बघत हुतो. दोन जागी यायचं, एक तुझं, एक त्याचं. मधनंच एकाच जागी यायचं, तुझं थांबलं का त्याच्यात मिसळलं ते कळंना, तवा माझं काळीज तुटायचं. वाटायचं, टाकावी उडी. मग वाटायचं, उडी टाकून करणार काय? गाल फुगवून परत वर.

रक्षिता : ते बी तुमी आज सांगताय.

शिवमूर्ती : काय म्हणून सांगू? गड्यानं असलं सांगायचं असतंय व्हय?

रक्षिता : मग माझंबी एक ऱ्हायलंय. तो खिडकीतला मासा दिसला न्हवं, तवा मी चटकन वळले. तुमाला दाखवायला. तुमी वर हायसा ते इसरूनच गेलते. वळले तर तो गाईड. त्यानं बोटांची खूण करून इचारलं, बरं हाय का? मी पण खूण केली, बरं हाय. पर तेवढं एक बरं नव्हतं.

(बाहेर जीप थांबते, हॉर्न वाजतो.)

कृष्णात : अण्णा! आवरलं का न्हाय? हार आला, फेटा बांधणारा आला, हलगीवाला तर वाजवाय लागलाय. अरं, वैनी आल्या व्हय! वैनी, तुमाला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीया.

शिवमूर्ती : कृष्णात, फ्लेक्सवर कोण हाय रे?

कृष्णात : कोण म्हंजे? तुमी की.

शिवमूर्ती : ही हाय ती.

कृष्णात : कोण ही?

शिवमूर्ती : तुझी वैनी. मी बोटीवर बसलोतो. मला जमलं न्हाय.

कृष्णात : अण्णा, असली चेष्टा नगा करू. दोनशे माणूस बसलंय तिथं.

शिवमूर्ती : मग त्यांना खरा माणूस बघू दे. नावावर कागद डकवा आणि हिचं नाव लिवा.

कृष्णात : वैनी, खरं सांगतंय का हे?

रक्षिता : खरं हाय. पर मी येणार न्हाय. चारचौघांत माईकवर काय बोलू मी?

शिवमूर्ती : आत्ता बोललीस तेच.

कृष्णात : आता पोरांना काय सांगू मी! बघतो कागद कुठं मिळतोय. तुमी दोघं या मागनं, पर लवकर या.

रक्षिता : लोक हसतील तुमाला. वर्षभर पुरंल त्यांना.

शिवमूर्ती : हसू देत. आणि माझा तुझ्यावरचा राग गेला असं समजू नको. अजून हाय.

रक्षिता : मग कशापायी करताय हे?

शिवमूर्ती : आता ते भाषण माझ्या तोंडातनं निघायचं न्हाय. माईक धरला की ती खिडकी डोळ्यापुढं यायची, आणि तिथं मी नव्हतो. ऊठ. लुगडं बदल, ते नवं नेस.

रक्षिता : सगळं सांगू?

शिवमूर्ती : सगळं सांग. जहाज सांग, म्हातारा मासा सांग. कुणी हाक मारत न्हाय ते बी सांग, बायकांना पटंल.

रक्षिता : आणि मी वळले ते?

शिवमूर्ती : ते नको.

रक्षिता : का?

शिवमूर्ती : ते मला राहू दे.