यशवंता गुरवाची सनई आणि आग्रहाची बाटली

मंडळी, ऐका. नमनालाच घडाभर तेल नको. घसा बसलाय, तुम्हीही दिवसभराचे दमलेले. एकच विचारतो — पाहुण्याला आग्रह करतो आपण, तो त्याच्यासाठी की आपल्या मानासाठी?

बोरखेडचा यशवंता गुरव. पहाटे देवळात सनई, लग्नसराईत मांडवात सनई. तीस वर्षं! पण गडी भिडस्त. पूर्वी वाजंत्र्याला गूळपाणी मिळायचं. आता? कोल्ड्रिंकची बाटली! त्याला ते फसफसतं आंबटगोड आवडायचं नाही. पण नको म्हटलं की यजमानाचं तोंड उतरतं, म्हणून प्यायचा. एका लग्नात तीन-तीन, वाजवणं थांबलं की एकेक.

आणि उष्ट्या तोंडाला देवाची सनई कशी लावायची? कनवटीची राखुंडीची पुडी काढायचा आणि लगेच खसाखसा दात घासायचा. केवढी निष्ठा! कौतुक वाटतं ना? मलाही वाटायचं.

दात पिवळे पडले, झिजले, पुढच्यांच्या कडा पातळ होऊन फुटल्या. श्वास घेतला की कळ मस्तकात जायची. वाजवताना त्या फुटक्या कडांनी ओठ कापला जायचा. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दात घासता का? हा अभिमानानं म्हणाला, "दर बाटलीनंतर, बाई."

बाईंनी कपाळाला हात लावला. "काका, त्या आंबटानं दाताचं वरचं कवच मऊ पडतं. तेव्हाच घासलं की ते निघून जातं. नुसती चूळ भरून तासभर थांबला असतात, तर बरंच वाचलं असतं. गेलेलं परत येत नाही."

देवासाठी घासलं हो त्यानं! सांगताना माझाच जीव थकतो.

पुढं त्याच्या लेकीचं, कुसुमचं लग्न निघालं. ती पाळण्यात होती तेव्हापासून म्हणायचा, हिच्या अक्षतांना मीच वाजवणार. मांडवात सनई ओठाला लावली, सूर धरला — फाटला. रक्त आलं. सनई खाली ठेवली आणि साथीला आलेल्या शेजारगावच्या हरिभाऊ वाजंत्र्याला मानेनंच खुणावलं. अक्षता पडल्या. बाप एका बाजूला उभा राहून रडला.

मग डोळे पुसले. आता तो यजमान ना! वाजंत्र्याची विचारपूस करायला गेला. हातात काय? कोल्ड्रिंकची बाटली! जित्याची खोड, दुसरं काय. हरिभाऊनं हसून हात पुढं केला. हसताना त्याचे दात दिसले. अजून धड होते.

यशवंतानं बाटली मागं घेतली. व्याही बघत होते. "तुला ही नको," तो म्हणाला. "थांब, पाणी आणतो." आणि स्वतः तांब्या भरून आणला. गुरवानं वाजंत्र्याला पाण्यावर भागवलं, अशी कुजबुज मांडवभर झाली. त्यानं ती ऐकून घेतली.

तर मंडळी, दोष कुणाचा? बाटलीचा म्हणाल. पण झाकण उघडून हातात कोण देतं? अहो, या पेटीमागं माझ्यासाठीही एक ठेवलीय, मघापासून बघतोय. गावोगाव कीर्तनाला जातो तिथं पीत आलोय मी, भिडेपोटी. पुढचे दोन दात माझेही ठणकतात. अध्यक्षसाहेब, तुम्ही मानानं ठेवलीत, राग मानू नका, पण ती उचलून न्या. घसा कोरडा पडलाय. कुणीतरी उठा, माठातलं पाणी द्या.