अठरा हात भिंत

परवा होटगीला दादाच्या शाळेत काय गोंधळ झाला, ऐका. दादा तिथं गणित शिकवायचा. तो वारला, पण त्याचा कोट वर्गातल्या खुंटीलाच राहिला होता. तो आणायला मी गेलो. भिंतीवर दादाच्या अक्षरात खडूनं लिहिलं होतं, ‘अठरा हात’.

नवे गुरुजी लाकडी गज घेऊन उभे होते. म्हणाले, “भिंत आठ गज. दोन हातांचा एक गज, म्हणजे सोळा हात. ते अठरा पुसा.”

माझं डोकं फिरलं. “माझा दादा चुकायचा न्हाय!”

“अरे, त्यांनी स्वतःच्या हातानं मोजली. हात आखूड, म्हणून आकडा वाढला.”

“आखूड हातानं आकडा कमी यायला पायजे की!”

“हेच ते व्यस्त त्रैराशिक!”

मला काही कळेना. बाही वर सारली आणि कोपरापासून बोटांपर्यंत हात टेकवत मीच भिंत मोजू लागलो. सगळा वर्ग मोठ्यानं आकडे म्हणत होता. अठरा झाले तरी भिंत उरलीच. वीस भरले. गुरुजींनी फडकं उचललं.

तेवढ्यात मागून एक पोरगा ओरडला, “पुसू नका गुरुजी! ह्यांचा हात अजून वाढतोय की. जुन्या मास्तरांएवढा झाला की अठराच येतील!”

गुरुजींनी फडकं खाली ठेवलं.

व्यस्त त्रैराशिक मला अजून कळलेलं नाही. दादाचा कोट अंगात घालूनच मी घरी आलो. बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या.