चार बोटं जास्त

मुकादम : ...आणि ही? हीसुद्धा चार बोटं जास्त! मास्तर, अख्ख्या पुलाच्या फळ्या दोन्हीकडून बाहेर आल्यात. कापल्या कुणी?

मास्तर : मीच.

मुकादम : माप तर मी दिलं होतं, तुळईच्या कडेबरोबर!

मास्तर : दिलं होतंत. पण उभा जन्म कापड बेतण्यात गेला हो. नेमक्या मापावर कधी कापलंच नाही. पोरं वाढतात, अंगं सुटतात, म्हणून शिलाईत जास्तीच्या कापडाची माया ठेवायची. हातात करवत आली, तरी हाताला ती कात्रीच वाटली.

मुकादम : अहो शिंपीमास्तर, लाकूड वाढत नाही!

मास्तर : ते आता कळतंय.

मुकादम : तासाभरात इंजिनीयरसाहेब येतायत. असं करू, वखारीतूनच अशा आल्या म्हणून सांगू.

मास्तर : नको. माझं नाव सांगा.

बायको : कशाला नाव सांगायचंय? चष्मा विसरलात म्हणून द्यायला आले, तर इथे हे ऐकू येतंय!

मुकादम : वहिनी, तुम्हीच समजवा यांना. साहेब कामावरून काढतील. बाहेर माणसं टपून बसलीत या जागेवर.

बायको : ऐकलंत? या मंदीत नवे कपडे शिवतंय कोण? दुकानाला कुलूप लागलं. सरकारनं या पुलाचं काम काढलं म्हणून घरात चूल पेटतेय. त्या वखारवाल्याचं काय जातंय?

मास्तर : त्याचं नाव जातंय. अगं, फुकटच्या धान्याच्या रांगेत उभा राहायचो, तेव्हा माझी मान वर होत नव्हती. ओळखीचं कुणी दिसलं की भिंतीकडे तोंड करायचो. इथे घाम गाळला तेव्हा कुठे मान ताठ झाली. ती पुन्हा खाली घालू?

बायको : काय बाई हट्टी माणूस! घ्या भाऊजी, यांचंच नाव घ्या. पण नुसती नावं काय घेताय? दुरुस्त होतंय का तेही बघा!

मुकादम : मी काय जन्माचा मुकादम आहे, वहिनी? मंदीआधी पियानो विकायचो. तो खिळे ठोकतोय तो न्हावी. सिमेंट कालवणारा बेकरीवाला. आता तो कालवतो मात्र झकास, ते सोडा... थांबा. मास्तर, कठड्याचे खांब कुठे बसायचेत?

मास्तर : फळ्यांवर. आतल्या बाजूला.

मुकादम : टोकं बाहेर आलीच आहेत, तर त्यांना खाच पाडून खांब बाहेरूनच तुळईला बोल्ट केले तर? पूल रुंद होतो की! पलीकडच्या दवाखान्यात स्ट्रेचर नेताना दोन्ही बाजूंना माणसं चालतील.

मास्तर : द्या ती छिन्नी.

बायको : आधी चष्मा घाला! नाहीतर तिथेही माया ठेवाल.

(इंजिनीयर येऊन पाहून गेले आहेत. पुलावर एकच खांब उभा आहे.)

मुकादम : साहेबांनी खांबावर सगळं अंग टाकलं. जागचा हलला नाही. सगळे असेच बसवा म्हणाले.

मास्तर : माझं नाव सांगितलंत?

मुकादम : नाव सांगितलं, चूकही सांगितली. पोट धरून हसले. म्हणाले, हा पूल झाला की त्या शिंप्याला शाळेच्या बांधकामावर धाडा.

बायको : देव पावला!

मास्तर : अभिमान वाटतोय गं. आजवर किती कोट शिवले, सगळे झिजून गेले. हा पूल मात्र आपल्यामागेही राहील.

मुकादम : जा, पलीकडपर्यंत जाऊन या दोघं. कठडा नाही अजून, मधून चाला.

बायको : व्हा तुम्ही पुढे. मी येते मागून.

मास्तर : मागून कशाला? शेजारी ये. दोघं मावतो आता.