सैल दोरा

मंडळी, पोटात प्रसाद गेलाय, वरून गार वारा सुटलाय, तुम्ही पेंगणार हे मला ठाऊक आहे! म्हणून आधीच विचारून ठेवतो. माणूस मोठा झाला, हे मोजायचं कशानं? बोला! पगारानं? ते पुढचे काका हसले बघा, म्हणजे त्यांचा पगार बेताचाच असणार! असू द्या. शरमेनं मान खाली गेलेल्या एका माणसाची गोष्ट ऐका.

डोंगरातली एक जहागीर. जहागीरदार हैबतराव. मिश्या अशा झुपकेदार! पण पोटात एकच दुखणं — बाप! बाप जाऊन किती वर्षं झाली, पण बैठकीत गादीच्या वर त्यानंच मारलेल्या सांबराची शिंगं. सांबर म्हणजे इडलीबरोबरचं नव्हे हो! रानातलं, भलं दांडगं जनावर!

त्या घराण्याची रीत होती. शिंगाच्या बुडापासून टोकापर्यंत लाल दोरा ताठ धरायचा, टोकाशी तोडायचा आणि शिंगालाच बांधून ठेवायचा. ज्याचा दोरा सगळ्यांत लांब, त्याची शिंगं गादीवर. बाकीची जिन्यात! हैबतरावांची झाडून सगळी जिन्यात होती. येणारा पाहुणा वर बघून म्हणायचा, "वा! थोरले सरकार म्हणजे थोरले सरकार!" आणि खाली जिवंत बसलेल्या या गड्याकडे कुणी बघायचंसुद्धा नाही. जळणार नाही का हो माणूस?

त्यांच्या आई, आऊसाहेब, देवळामागच्या तळ्यावर जनावरांसाठी मिठाचे खडे ठेवायच्या. एक म्हातारा सांबर रोज यायचा. आऊसाहेब पायरीवर जप करताहेत, आणि तो शेजारी मीठ चाटतोय! इतका सरावलेला. तळ्यावर बंदूक आणणार नाही, असा शब्द हैबतरावांनी आईला दिला होता.

शब्द दिला होता! आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिथंच बार काढला. जनावर पळालं नाही हो! चाहूल लागली तशी मान वर केली आणि बघत राहिलं. त्याला वाटलं, मीठ घेऊन आलं कुणीतरी...

पेटीवाले, थांबा जरा. इथं सूर नको.

दसऱ्याला बैठक भरली. कारभारी दाजीबांनी नव्या शिंगाला दोरा लावला आणि बापाच्या दोऱ्याशेजारी धरला. दोन बोटं कमी! हैबतराव वाकून पुटपुटले, "दाजीबा, दोरा सैल सोडा. खाचाखोचांतून फिरू द्या."

"सरकार, ताठ धरायची रीत आहे..."

"रीत मला शिकवता?"

झालं! दोरा असा सोडला, असा सोडला, की बापाच्या दोऱ्याहून बोटभर लांब! टाळ्या! पेढे! "उतरवा थोरल्या सरकारांची शिंगं!" उतरवली.

तेवढ्यात पडदा सरकवून आऊसाहेब बाहेर आल्या. "हैबत, उतरवलीच आहेस, तर त्यांनाही दोरा लाव. ताठ लाव."

"आऊसाहेब, ती मोजलेलीच आहेत की."

"लाव म्हणते ना!"

लावला. आणि मंडळी, बापाचं शिंग बापाच्याच दोऱ्याहून वीतभर तोकडं! आऊसाहेब म्हणाल्या, "आता जिन्यातलं आण. तुझ्या पहिल्या शिकारीचं." आणलं. मोजलं. तेसुद्धा बापाच्या शिंगाहून लांब!

कळलं का? हा माणूस पहिल्याच शिकारीला बापाच्या पुढं गेला होता! जन्मभर धावला तो शिंगामागं नव्हे, सैल दोऱ्यामागं! आणि तळ्यावरचा तो जीव? फुकट गेला हो, फुकट!

"आऊसाहेब, तुम्हाला ठाऊक होतं?"

"माझ्यासमोरच सोडला होता त्यांनी दोरा. घराची अब्रू म्हणून मी गप्प बसले. माणसाला भिऊ नकोस, हे त्या मुक्याला मीच शिकवलं, हैबत. तुझ्याइतकीच मीही त्याची गुन्हेगार." एवढं बोलून बाई तिथंच बसल्या. पेढा हातात तसाच धरून सगळी बैठक जमिनीकडे बघत राहिली.

हैबतरावांनी भिंत रिकामी केली. पुढं रोज पहाटे ते स्वतः तळ्यावर मीठ ठेवायचे आणि लांब जाऊन बसायचे. एकही जनावर आलं नाही. मीठ दवानं विरघळून जायचं. दुसऱ्या दिवशी हे पुन्हा ठेवायचे.

हसताय काय हैबतरावाला? "मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा वर्गात पहिला यायचो" — कोण कोण सांगतं हो पोरांना? घरी जाऊन जुनी गुणपत्रिका काढू? बघा, बघा, माना खाली गेल्या! तुम्ही ऐटीत सैल दोरा टांगता, आणि पोर त्याच्यामागं धावताना काय काय मारून टाकतं, ते तुम्हाला दिसतही नाही.

अहो, सांबराची शिंगं दरवर्षी आपोआप गळून पडतात! हैबतराव थोडे थांबले असते, तर तीच शिंगं तळ्याकाठी पडलेली सापडली असती, आणि तो जिवंत उभा असता, मीठ चाटत.

आता नाव घ्या देवाचं. मान वर करायची घाई नको. खालीच असू द्या, आज तशीच शोभते.