नाल्याकाठची आमची गल्ली उठली

मी मूळची देगलूरकडची. लगीन झालं आन मालकासंगं हैद्राबादला आले, अंबरपेठंत, नाल्याच्या काठाला. मालक आबिड्सला एका दुकानावर वाचमन, आन मी बल्दियात झाडूकामाला. बल्दिया म्हंजी आपली पालिका, इथं समदे तसंच म्हणतात. नारायणगुड्याचा रस्ता माझ्याकडं व्हता. मालक लवकर गेले, पोरीचं लगीन म्या एकटीनं केलं, परभणीला दिली, चांगलं हाये तिचं, पण सासू अंथरुणाला खिळलेली, तिला निघताच येत न्हाई. मराठी बोलायला तेवढी एक पोरगी, तीबी फोनवर. आज तुमी आलात म्हणून तोंड सुटलं बघा.

तर नाल्याचं सांगत व्हते. आमी समद्यांनी घरं नाल्याला टेकूनच बांधली, जागा मिळाली तिथं बांधली, दुसरीकडं कोण उभं करणार व्हतं आमाला. पाऊस जोराचा झाला की नाला घरात. भांडीकुंडी माळ्यावर टाकायची, पाणी उतरलं की गाळ उपसायचा, दिवसभर रस्ता झाडून यायचं आन घरी येऊन पुन्हा तेच. माझ्या भिंतीला भिंत लागून रझियाआपा. तिचा नवरा मस्तानभाई पंक्चरवाला, लई शांत माणूस.

एका साली भर दुपारी असं पाणी आलं, असं पाणी आलं, काय सांगू तुम्हाला, नाला कुठला आन गल्ली कुठली कळंना. आमी दोघी शाळेच्या जिन्यावर चढलो. मस्तानभाई बकरी सोडायला माघारी गेला. आपा वरून वरडायली, नक्को जाव जी, नक्को जाव. त्यानं बकरी सोडली, ती पवत आली, आन मागं भिंत बसली. बकरी वाचली, माणूस गेला. ती बकरी आपानं म्हातारी होऊन मरस्तवर सांभाळली, कुणाला हात लावू दिला न्हाई तिला.

तवापासनं आमचं दोघींचं एकच झालं. चुली दोन, पण कालवण एक. तिला कानानं कमी ऐकू यायचं, माझ्या तोंडाकडं बघून समजायची. म्या मराठी बोलले तरी समजायची.

माझं काम सुटलं, घरी बसले, आन मग बल्दियाची एक इंजिनेर मॅडम आली. तेलुगू पोरगी, माझ्या लेकीएवढी. म्हणाली, अम्मा, पाण्याला जायला जागाच न्हाई, नाला रुंद करावा लागतो, घरं उठल्याबिगर व्हत न्हाई, बदल्यात पक्की घरं हायेत, पण लोक आमाला उभं करत न्हाईत, तुमी बल्दियातल्याच, तुमी बोला. म्या बोलले. दारोदार गेले. सरकारची बाई म्हणून लोकांनी शिव्या घातल्या, एकीनं अंगावर पाणी फेकलं. पण मस्तानभाईचं नाव काढलं की गप बसायचे. एकेक घर तयार झालं, आपाच अडली. म्हणाली, तेरे बाजू में देते तो आती, नै तो नै आती. म्या मॅडमला सांगितलं. मॅडम म्हणाली, माझ्या हातात न्हाई अम्मा, पण वर बोलते. ती बोललीबी, मला माहीत हाये, खोटी पोरगी न्हाई ती. पण सोडत निघाली आन माझं घर शहराच्या ह्या टोकाला, आपाचं त्या टोकाला. समदी गल्ली निघाली, आपा एकटी कुठं ऱ्हाणार.

टेम्पोत सामान चढलं तवा मला रडू आवरंना. आपा म्हणाली, कैकू रोती गे, पानी से तो बचे ना. आन पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली, मागं वळून बघितलं न्हाई तिनं. मला तिचा सोभाव ठाऊक, बघितलं असतं तर उतरली असती.

आता हितं सातव्या माळ्यावर. नळ हाये, संडास हाये, भिंती कोरड्या. शेजारी कामाला जाणारे, येता-जाता हसतात, वाईट न्हाईत. पण सांच्याला भाजी केली की वाटीत कुणाला द्यावी ते कळत न्हाई. आपाला फोन लावते, तिला काय ऐकू येत न्हाई, नुसती हौ हौ करते. मी आपली बोलत ऱ्हाते. बसनं जायचं तर दोनदा बदलावी लागते, गुडघे साथ देत न्हाईत, दोनदाच गेले.

गेल्या पावसात मुद्दाम नाला बघायला गेले. माझी चूल व्हती तिथनं पाणी वाहत व्हतं, सरळ, कुणाच्या घरात न शिरता. पुढच्या गल्लीतली पोरं दारात उभी राहून मजा बघत व्हती. बरं वाटलं. लई बरं वाटलं. आन रस्त्यात उभी राहून म्या एवढी रडले की एक बाई छत्री धरून म्हणाली, एमैंदी अम्मा, काय झालं.

मागल्या महिन्यात मॅडम आली, सात माळे जिना चढून. म्हणाली, पुढच्या वरसात खालच्या बाजूचा नाला घ्यायचा हाये, वस्ती तुमच्यापेक्षा मोठी, पाऊस लागायच्या आत व्हायला पाहिजे, लोक दगड घेऊन उभे हायेत, तुमी या. म्या म्हनलं, येते, पण समदं सांगीन. ती म्हणाली, सांगा अम्मा.

गेले. मंडपात गर्दी, आरडाओरडा. म्या मस्तानभाईचं सांगितलं. एक म्हातारा उठला, म्हणाला, ते ऱ्हाऊ दे, तू खुश हायेस का तिथं? मॅडम माझ्याकडं बघायली. म्या म्हनलं, कोरडी हाये बाबा. जिती हाये. खुश न्हाई. तुमी उठा, लेकरं वाचवा, पण समद्या गल्लीची घरं एका जिन्याला मागा, तवाच उठा. सुट्टे सुट्टे जाऊ नका. म्हातारा खाली बसला आन मॅडमला म्हणाला, असं देत असाल तर बोलू. मॅडमनं लिहून घेतलं. देतील का न्हाई, मला ठाव न्हाई. त्या पोरीपुढंबी डोंगर हाये.

त्यांना मिळू दे. त्यांचा शेजार टिकू दे, बुद्ध त्यांचं भलं करू दे. आपलं काय, आयुष्य निघालं तेवढं निघालं.

निघालात का? लिफ्ट बंदच हाये. थांबा, चपला घालते, खालपर्यंत येते तुमच्यासंगं. गुडघ्याचं काय, सावकाश उतरू. तेवढंच बोलणं व्हईल.