इसार घेऊ नका

"हॅलो?… हॅलो, पद्मिनीवहिनी का?… मी श्रीपाद. श्रीपाद टेंबे… हो, महाराष्ट्र मंडळातला. लोन कंपनीतला, हो, तोच… नाही, ठेवू नका. वहिनी, एक मिनिट, फोन ठेवू नका."

श्रीपाद चंदीगडच्या सेक्टर बावीसमधल्या एका केमिस्टच्या दुकानात काउंटरच्या कोपऱ्याला उभा होता. घरासाठी कर्ज देणाऱ्या ज्या कंपनीत तो हिशेब लिहायचा, तिचं ऑफिस सेक्टर चौतीसमध्ये. तिथं टेबलावर फोन होता, पण हे बोलणं तिथून करण्यासारखं नव्हतं. एकोणनव्वदचा डिसेंबर, साडेचार होऊन गेलेले. अतिरेक्यांच्या भीतीनं अंधार पडला की रस्ते ओस पडायचे, म्हणून केमिस्ट आत्तापासूनच बाहेरचे खोके आत ओढायला लागला होता.

"शशिकांत आहेत घरी?… कामात आहेत? बरं, मग तुम्हीच ऐका… नाही नाही, हप्ता मागायला नाही केला. उलट आहे. तुमचे हप्ते भरलेले आहेत… हो. सातही… मिळालेत, वहिनी. कंपनीला मिळालेत."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली.

"ऐकताय ना?… ते हप्ते भरायचं मोहालीचं काउंटर बंद केलं बघा, बाजारात गोळीबार झाल्यावर. तिथली सगळी कागदपत्रं पोत्यांत भरून आमच्याकडं आली. त्यांवरून वहीत नोंदी करायचं काम माझ्याकडं. तुमचं खातं चारशे सतरा. मी लिहिलं चारशे एकाहत्तर… हो, सातही वेळा. एकदा चुकलं, मग पुढच्या महिन्यांना वरचं बघून खाली उतरवत गेलो… ते खातं कोणाचं, नाही सांगता येणार. त्याच्या नावावर फुकटात जमा होत होतं, तो कशाला बोलेल?"

आता पलीकडून भराभर बोलणं आलं. श्रीपादनं मान खाली घातली.

"हो… हो. पावत्या घेऊन आले होते ते. दोनदा आले… नाही, मी बघितल्याच नाहीत. म्हटलं, आमच्या वहीत नाही म्हणजे भरलेले नाहीत… असंच म्हणालो, वहिनी. खोटं कशाला सांगू… सोमवारी कळलं मला… हो, आज शुक्रवार."

चार दिवस कसे गेले, ते त्याचं त्यालाच ठाऊक. चूक सापडली तसा तो वही घेऊन मॅनेजरकडं गेला होता. मॅनेजरनं वही मिटून त्याच्याकडं सरकवली. मार्चच्या ऑडिटपर्यंत तोंड उघडायचं नाही, म्हणाला. थकबाकीची नोटीस शशिकांतकडं गेली आहे ती जाऊ दे, माणसं घाबरतात आणि भरतात, जास्तीचं मग पुढं बघता येईल. श्रीपाद 'बरं' म्हणून बाहेर आला होता. त्या 'बरं'ची त्याला चार दिवस झोपेतसुद्धा लाज वाटत होती. बायकोला, नीलालाही, त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं.

"काय म्हणालात?… कोण आलंय?… आत्ता, बाहेरच्या खोलीत?… घर विकताय?"

मनीमाजऱ्यातलं ते तीन खोल्यांचं घर त्यानं पाहिलेलं होतं. शशिकांत टेलिफोन खात्यात. अकोल्याचा माणूस, पण मुलं इथं वाढली म्हणून इथंच राहायचं ठरवलेला. गेली चार-पाच वर्षं ज्याला जमेल तो पंजाब सोडायला बघत होता, आणि विकणाऱ्यापेक्षा घेणारा शिरजोर झाला होता.

"किती म्हणतोय तो?… अहो, ही निम्मी किंमतसुद्धा नाही. इसाराचे पैसे दिलेत का त्यानं?… अजून चहाच चाललाय ना? मग घेऊ नका. जा, शशिकांतना आत बोलवा आणि सांगा. मी धरतो फोन… ऐकणार नाहीत? का?… गणपतीपासून?… तुम्हाला काहीच बोलले नाहीत ते?"

श्रीपाद धरून चालला होता की गणपतीत मंडळात काय झालं ते वहिनींना माहीत असणार. त्यांना माहीत नव्हतं. नवरा गणपतीपासून मंडळात जात नाही, कुणाकडं जेवायला येत नाही, घर विकून बदली मागू म्हणतो, एवढंच त्यांना दिसलं होतं. आता गप्प बसलं तर ते कधीच कळलं नसतं.

"वहिनी, ते माझ्यामुळं… नाही, हप्त्यांमुळं नाही. आरतीनंतर प्रसाद वाटत होते. तुम्ही आत स्वयंपाकघरात असाल. मी सगळ्यांसमोर त्यांना म्हटलं, शशिकांतराव, इथं मोदक खाता आणि तिकडं कंपनीला बुडवता, परमुलखात मराठी माणसाचं नाव तरी राखा… हो. मोठ्यानं… पंचवीसेक माणसं असतील. पोरंही होती… काही नाही बोलले. द्रोण खाली ठेवला आणि चप्पल घालून गेले… काहीजण हसले. मीही हसलो."

रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला. फोन कापला नव्हता. लांबून बांगड्यांचा आवाज, मग दोन पुरुषांची बोलणी, एकाचं पंजाबी चढत गेलेलं. केमिस्टनं भुवई उंचावून घड्याळ दाखवलं.

"बस, दो मिनट, भाईसाब."

दोन मिनिटांची सात-आठ झाली. तिकडं दार आपटलं. मग रिसीव्हर उचलला गेला.

"हॅलो?… गेला? काही घेतलं नाहीत ना?… बरं झालं. फार बरं झालं… हो, सांगतो काय करायचं ते. कागद घ्या."

वहिनींच्या आवाजात आता राग नव्हता, ओळखही नव्हती. सरकारी कचेरीत कारकुनाशी बोलावं तसं त्या विचारत होत्या आणि तो सांगत होता.

"कंपनीच्या नावानं पत्र लिहा. विनंती नको, माफी तर नकोच. खात्याचा पूर्ण उतारा मागा, पहिल्या हप्त्यापासूनचा. सातही पावत्यांचे नंबर आणि तारखा घाला. झेरॉक्स जोडा, मूळ पावत्या कुणाच्याही हातात द्यायच्या नाहीत, मी मागितल्या तरी नाही… रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसकट. उद्या सकाळी पोस्ट उघडलं की टाका… पुढचा हप्ता? तो थांबवू नका, नाहीतर त्यांना खरंच कारण मिळेल… कुणी समझोत्याचा कागद घेऊन आलं तर सही करायची नाही. आणि महिन्याभरात उत्तर नाही आलं तर ग्राहक मंचाकडं जा. नवा कायदा झालाय ना, त्यातलं… नाही, वकील लागत नाही. साधा अर्ज."

पुढचा प्रश्न येणार, हे त्याला ठाऊक होतं. नोंद कोणाच्या हातची होती, हे कंपनी कबूल करणार नव्हती. ते एकच माणूस सांगू शकत होता.

"…हो. सांगीन. मंचासमोर पण सांगीन… लिहा माझं नाव पत्रात. श्रीपाद टेंबे, हिशेब विभाग. चारशे एकाहत्तरच्या नोंदी माझ्या अक्षरात आहेत, असं लिहा… द्या ना. द्या त्यांच्याकडं."

घोगरा श्वास ऐकू आला. चार दिवस मनात जुळवलेलं एक वाक्य त्याला आठवेना.

"शशिकांत… मी चुकलो. नुसता आकडा नाही चुकला, तुम्ही पावत्या समोर धरल्या होत्या… काय?… माझ्या नोकरीचं?"

शिव्या खायची त्याची तयारी होती. या प्रश्नाची नव्हती. त्यानं औषधांच्या फळीकडं तोंड फिरवलं.

"ते बघीन मी… हो, पाचवीत आहे मुलगी… नीलाला अजून नाही सांगितलं… नाही. नाव खोडू नका, शशिकांत. खोडलंत तर ते म्हणतील, पावत्याच खोट्या… तुम्ही माझी काळजी करू नका हो, तेवढं तरी नका करू… राहू द्या लिहिलंय तसं… हो, शेवटची बस असेल अजून. घरी जातो आणि नीलाला सांगतो. ठेवतो."